सरस न लावलेली घोडी

अख्खं उज्जैन आपल्याला ओळखतं, असं गोपाळकृष्ण खासनीस म्हणत. खरं पाहिलं तर माधवनगरातली एक गल्ली आणि टावर चौकातले दोन-चार दुकानदार त्यांना ओळखत, तेही 'वो बाजेवाले खासनीस साहब' म्हणून. गोपाळरावांना एवढंही पुरत होतं, कारण त्यात 'साहब' होता.

शिंदेशाहीच्या काळात त्यांच्या घराण्याकडे सरकारी वाद्यखाना होता. आधी आजोबांकडे, मग अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे, आणि मग गोपाळरावांकडे. तंबोरे, सतारी, दोन बीन आणि एका कपाटात सारंग्या. त्या पुसायच्या, तारा बदलायच्या, जवारी, म्हणजे तारेची झणझण, काढायची, गवई पाहुणा आला की वाद्य लावून त्याच्या पुढ्यात ठेवायचं आणि तो गेला की गवसणीत घालून पुन्हा कपाटात. वाजवायचं मात्र नाही. आपण राखणारे, वाजवणारे वेगळे, हा अण्णांचा कायदा. लहानपणी एकदा गोपाळ सतार लावता लावता जरा जास्तच छेडत बसला, तर अण्णांनी त्याला त्या रात्री पानावर बसू दिलं नाही. त्यानंतर गोपाळनं तार छेडली ती लावण्यापुरती. लोभ कुठे गेला म्हणाल, तर तो गेला नाही. तो तसाच आत बसून राहिला आणि वयाबरोबर आंबत गेला.

अण्णांचा दुसरा कायदा घोडीचा. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद, गुळगुळीत पाटावरून जातात ती घोडी. भोपळ्यावर लाकडाची जी तबली बसवलेली असते, तिच्यावर घोडी नुसती उभी असते. खिळा नाही, सरस नाही. तारा बुडाशी बांधलेल्या, त्या वरून घोडीला दाबून धरतात आणि घोडी तो सगळा भार खाली तबलीवर टाकते. म्हणून तंबोऱ्याची तबली जाड, आणि मध्ये जराशी फुगीर. घोडीचे पाय तबलीला असे बसले पाहिजेत की मध्ये कागदसुद्धा जाऊ नये. हे बसवणं फार जिकिरीचं. अण्णा म्हणत, "ज्याला घोडी बसवता येत नाही तो ती चिकटवतो." चिकटवलेली घोडी दिसली की त्यांचा पारा चढायचा. सरस लावणाऱ्या माणसाला त्यांनी दारात उभं केलं नाही.

गोपाळराव हे सगळं मानत होते. माणूस वाईट नव्हता. हातात कसब होतं, कामात चोख होता. पण अण्णांचं वाक्य त्यांच्या डोक्यात देवघरातल्या टाकासारखं होतं, त्याला हात लावायचा नाही, फक्त फुलं वाहायची.

संस्थान गेलं, मध्यभारत आलं, आणि वाद्यखाना बंद झाला. सामान न्यायला एक साहेब ट्रक घेऊन आला. कुठला, काय, ते सांगून उपयोग नाही, असे साहेब तेव्हा गावोगाव फिरत होते. तंबोरे आडवे रचताना घोड्या आडव्या येतात म्हणून त्याच्या माणसांनी तारा सैल करून सगळ्या घोड्या काढल्या आणि एका पोत्यात भरल्या.

गोपाळराव धावत गेले. "अहो साहेब, हर घोडी की अपनी तबली है. ऐसे मिक्स नहीं करते."

"सब एक जैसी तो हैं, बाबूजी," साहेब म्हणाला. वाईट हेतूनं नाही. त्याला खरंच सगळ्या सारख्या दिसत होत्या.

ट्रक गेला. गोपाळरावांची बदली रेशनिंगच्या कचेरीत झाली. तिथे गव्हाच्या आणि साखरेच्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारत बसायचं. ते पोतं मात्र त्यांच्या मनातून उतरलं नाही. रोज घरी आले की अनसूयाबाईंना, म्हणजे बायकोला, ते कुठल्या तरी एका घोडीची हकिगत सांगत. अनसूयाबाई भाजी चिरत ऐकत. नवऱ्याचं सगळं गेलं आणि उरल्यात त्या फक्त अण्णांच्या गोष्टी, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्या कधी 'पुरे' म्हणाल्या नाहीत. म्हणायला हवं होतं, असं आता वाटतं.

या दोघांना मूल नव्हतं. होता तो शरद. शरच्चंद्र, गोपाळरावांचा धाकटा भाऊ, सोळा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो रांगत होता, आणि नव्या नवरीच्या, अनसूयेच्या, कडेवर येऊन बसला तो शाळेत जाईपर्यंत उतरलाच नाही. वहिनी म्हणायचा, पण आई तीच. लढाईच्या दिवसांत रेल्वेला कारकून हवे होते, म्हणून तो इराकात बसऱ्याला गेला आणि लढाई संपल्यावर परत आला. बरोबर एक वाद्य घेऊन आला.

"हे काय रे? भोपळा चिरला का कुणी?" वहिनी म्हणाली.

"ऊद म्हणतात याला."

"ऊद? धुपाचा?"

शरद हसला. मग त्यानं पिसाच्या काडीसारख्या पट्टीनं तारा छेडल्या, आणि वहिनीचं हसू जागच्या जागी थांबलं. स्वर जाड होता, ओला होता आणि लगेच विझत होता. तंबोऱ्यासारखा झणझणत राहत नव्हता. आपलं कोणीतरी शेजारी बसून हळू आवाजात बोलतंय, असं वाटे. बसऱ्यात शरद ज्या घरात राहत होता, तिथला म्हातारा हे वाजवायचा. त्यानंच शिकवलं, आणि निघताना आपलंच वाद्य याच्या हातात दिलं. उज्जैनातच काय, इंदूर-ग्वाल्हेरातही दुसरं तसं वाद्य मिळायचं नाही.

शरदला सरकारी कचेरीत नोकरी लागली. वहिनी मुली बघत राहिली, तो नको म्हणत राहिला. संध्याकाळी कचेरीतून आला की ओसरीवर बसून वाजवायचा. वहिनी समोर तांदूळ निवडत बसायची. निवडून झालेले तांदूळ पुन्हा सुपात घेऊन पुन्हा निवडायची, हे शरदला माहीत होतं. दोघं त्यावर कधी बोलले नाहीत.

गोपाळराव त्या वेळी टावरपर्यंत फिरून येतो म्हणून बाहेर पडत. खासनिसांच्या घरात वाजवणारा निघाला हे त्यांना सोसत नव्हतं, असं ते मित्रांना सांगत. पण फाटकाबाहेरच्या लिंबाखाली ते बराच वेळ चपलेतला खडा काढत उभे असत. खडा रोजच असायचा.

छप्पन साल उजाडलं. मध्यभारतही मोडायचा, सगळ्यांचं मिळून मोठं राज्य व्हायचं आणि राजधानी भोपाळला जायची, हे ठरत आलं होतं. शरदच्या खात्याची वाटणी चालू होती. त्या कामासाठी त्याला उन्हाळ्यात काही आठवडे ग्वाल्हेरला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी, अशी लू चाललेली, उदाची घोडी ताडकन सुटली. सरस सुकून तडकला होता. घोडी तारांना लोंबकळत राहिली.

शरद वाद्य घेऊन दादाकडे आला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, बस घोडी चिपकवून दे. और कुछ नहीं करना है. परत आलो की वाजवीन."

गोपाळरावांनी वाद्य मांडीवर घेतलं. तबलीवर, घोडी होती तिथे, सरसाचा पिवळा डाग होता. तो पाहून त्यांना काय वाटलं ते सांगतो. आनंद झाला. भावाच्या वाद्यात खोट निघाली म्हणून झाला, आणि ती खोट नेमकी अण्णांनी सांगितलेली निघाली म्हणून दुपटीनं झाला.

"चिकटवलेलीच होती वाटतं?"

"त्यांची तशीच असते, दादा."

"तू जा बिनफिकीर. मी ठीक करून ठेवतो."

सरस लावून दोन फळ्यांत दाबून ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम संपलं असतं. एवढंच काम होतं. घरात सरसाची वडी होती, चूल होती, फळ्या होत्या. गोपाळरावांनी त्यातलं काही घेतलं नाही. त्यांनी सांबरशिंगाची एक घोडी काढली, आठवडाभर तिचे पाय घासले, तबलीवर उभी केली, उदाच्या बुडाशी हूक मारला आणि तारा घोडीवरून नेऊन हुकाला बांधल्या. आतड्याच्या तारांना जवारी लागत नाही म्हणून त्या काढून पोलादी आणि पितळी घातल्या. तारा चढवल्याच्या चौथ्या दिवशी पाहतात तो तबली घोडीखाली खचलेली. उशी दबावी तशी.

तरी अण्णा चुकले असं त्यांच्या मनात आलं नाही. तबली कच्ची आहे, असं आलं. त्यांनी पाण्यानं कडा भिजवून, पातळ सुरी फिरवून तबली सोडवली आणि उलटी करून पाहिली.

आतून आडव्या पट्ट्या होत्या. बारीक, हलक्या, एकमेकींपासून मोजून कमी-जास्त अंतरावर. गोपाळराव त्यांच्याकडे बघत राहिले, आणि त्यांना कळलं. इथे ते मूर्ख नव्हते, म्हणून तर राग येतो. उदाच्या तारा बुडापर्यंत जातच नाहीत, घोडीलाच बांधलेल्या असतात. त्या घोडीला दाबत नाहीत, ओढतात. मागची कड उचकटू बघते, पुढची रुतू बघते, आणि तबली त्या ओढीनं हलते. तबलीनं हलावं म्हणून ती इतकी पातळ केलेली. हलताना मोडू नये म्हणून आतून या पट्ट्या. घोडी चिकटवलेली होती ती कुणाला बसवता येत नव्हती म्हणून नव्हे. सगळं वाद्यच त्या चिकटवण्याभोवती बांधलेलं होतं.

बसऱ्याच्या कोणा सुतारानं अण्णांना न विचारता हे केलं होतं, आणि ते बरोबर होतं.

अजूनही काही बिघडलं नव्हतं. खचलेली तबली ओल देऊन, दाबून सरळ झाली असती. पट्ट्या शाबूत होत्या. घोडी डागाच्या जागी चिकटवायची, आतड्याच्या तारा पुन्हा चढवायच्या, आणि शरदला सांगायचं, अरे, मी दुसरंच काहीतरी करायला गेलो होतो. गोपाळराव दोन दिवस ती तबली समोर ठेवून बसले. कचेरीत रजा टाकली. अनसूयाबाईंनी विचारलं, "काय झालंय?" तर म्हणाले, "काही नाही. लाकूड नरम आहे."

मग त्यांनी तुणीच्या लाकडाची नवी तबली केली. जाड, मध्ये फुगीर, आतून पट्टी एकही नाही. अगदी तंबोऱ्याची. वर सांबरशिंगाची घोडी, बिनसरसाची, जवारी काढलेली. ते पोतं ट्रकवर चढलं त्या दिवसापासून या हातांना असं काम मिळालं नव्हतं, आणि काम देखणं झालं, हे कबूल करायला हवं. जोड कुठे दिसत नव्हता. वाजवून पाहिलं तर आखूड दांडीच्या त्या वाद्यातून टणक, कोरडा आवाज आला. थोडी झणझण, आणि खाली काहीच नाही. गोपाळरावांनी स्वतःला सांगितलं, नवं लाकूड आहे, महिन्याभरात खुलेल.

जुनी तबली भिंतीला टेकून उभी होती. शरद यायच्या आदल्या दिवशी झाडलोट करताना गोपाळरावांनी ती उचलली, आणि हाताच्या सवयीनं बोटानं टिचकी मारली. सुटी तबली, तारा नाहीत, खाली वाद्याचं पोट नाही, तरी ती बोलली. मग त्यांनी नव्या वाद्यावर टिचकी मारली. पुन्हा जुनीवर. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी ती तबली घेऊन ते मोरीकडे गेले, गुडघ्यावर मोडली आणि बंबात घातली. जुनं, वाळलेलं लाकूड. पाणी लवकर तापलं. त्या पाण्यानं त्यांनी अंघोळ केली.

अनसूयाबाई तेव्हा देवळात गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा बंबाशी राखेत त्यांना एका बारीक पट्टीचं अर्धं जळलेलं टोक दिसलं. त्यांनी ते उचलून पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा राखेत टाकलं.

शरद आला. हातपाय धुऊन ओसरीवर बसला आणि वाद्य मांडीवर घेतलं. एकदा छेडलं. दुसऱ्यांदा छेडलं. वाद्य फिरवून घोडी पाहिली, तबली पाहिली, बुडाचा हूक पाहिला. गोपाळराव समोर उभे होते.

"मेहनत खूप घेतलीस, दादा," तो म्हणाला.

"जुनी तबली कच्ची होती. खचली. ही आता पन्नास वर्षं हलायची नाही."

"हो." शरदनं वाद्य खाली ठेवलं. "ती जुनी कुठे आहे? मुंबईला एक अरब आहेत, ते जोडून देतात म्हणे. म्हणजे तुझी राहू दे, छान झालीय. नुसतं विचारतो."

बोलायचं होतं ते इथे. गोपाळरावांनी तोंड उघडलंही. आणि काय बोलले?

"अरे, ती बंबात गेली. तुझ्या वहिनीला काय माहीत. ढलप्यांबरोबर तीही घातली."

अनसूयाबाई चहा घेऊन दारातच होत्या. शरदनं त्यांच्याकडे पाहिलं. गोपाळरावांनी पाहिलं नाही. कपबशा खाली ठेवेपर्यंत त्यांना वेळ होता. त्यांनी कपबशा ठेवल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हो रे शरद. चुकलंच माझं."

का म्हणाल्या? कारण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे त्या लग्नाच्या मांडवातून शिकून आल्या होत्या. दुसरं कारण नाही, आणि हे कारण चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. आणि कदाचित त्यांना वाटलं असेल, रात्री जेवताना हे स्वतःच सांगतील. रात्री जेवताना गोपाळरावांनी लोणचं मागितलं.

शरदनं दादाला माफ केलं. खरंच केलं. माणसानं जीव ओतून काम केलंय, त्याला काय बोलायचं? पण वहिनीचं त्याला कळेना. रोज समोर बसून ऐकणारी ती. त्याच त्या लाकडातून निघालेलं दहा वर्षं ऐकलं, आणि तिला ते सरपण वाटलं? मग ती ऐकत काय होती? तो तिच्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. तो सभ्यपणे वागायला लागला. 'वहिनी, पाणी देता का?' म्हणायला लागला. जन्मात कधी त्यानं तिला 'देता का' म्हटलं नव्हतं. संध्याकाळी तो ओसरीवर बसेना. तांदूळ एकदाच निवडले जाऊ लागले.

गोपाळरावांना हे सगळं दिसत होतं. उद्या सांगू, असं ते रोज ठरवत होते. आणि एक गोष्ट त्यांनी स्वतःशीसुद्धा धड उच्चारली नाही. शरद आता संध्याकाळी त्यांच्यापाशी येऊन बसत होता. दादा, दादा म्हणून घोड्यांच्या गोष्टी विचारत होता. पोत्याची हकिगत त्यानं पहिल्यांदाच पूर्ण ऐकली आणि "फार वाईट झालं रे" म्हणाला. इतक्या वर्षांनी भाऊ आपल्याकडे आला होता. कसा आला, ते बघायला गोपाळरावांचं मन तयार नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास नवं राज्य झालं आणि शरदची बदली भोपाळला झाली. जायच्या दिवशी टांगा दारात उभा राहिला. ट्रंक चढली, वळकटी चढली. वाद्यही गवसणीत घालून त्यानं बरोबर घेतलं, दादाला वाईट वाटू नये म्हणून. वाजवणार नव्हता तो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आमच्याकडे घरातून निघताना थोरल्या जोडप्याला जोडीनं उभं करून नमस्कार करतात. पण अनसूयाबाई स्वयंपाकघरात होत्या. डबा भरायला इतका वेळ लागायचं कारण नव्हतं. शरद दारात जरा घुटमळला. मग वाकून त्यानं एकट्या दादाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आशीर्वाद दे, दादा. माझं जे काही झालं ते तुझ्यामुळे."

गोपाळरावांचा हात त्याच्या पाठीवर होता. ओसरीवर तिसरं कोणी नव्हतं.

"सुखी राहा," ते म्हणाले.

"वहिनी, येतो," शरद आत न बघता म्हणाला आणि टांग्यात चढला.

टांगा फ्रीगंजाच्या वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा अनसूयाबाई बाहेर आल्या. हातात बांधलेला डबा होता.

"अगं, गेला तो. डबा राहिला," गोपाळराव म्हणाले. "तू लवकर यायचंस ना बाहेर."

अनसूयाबाई जोत्यावर बसल्या. डब्याची गाठ सोडली.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते आत," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर जमलं नसतं तुम्हाला."